घर एकट्याने शोधू नका!

नाशकात घर घेऊ पाहणाऱ्या गिरणी कामगारांना चार रोखठोक शब्द



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या वेळी गावात जागा होती, हाताशी भाऊबंद होते, माती-दगड फुकट मिळत होता. तरीसुद्धा घर बांधताना माणूस टेकीला येतो म्हणून ही म्हण पडली. आज ती म्हण बदलली पाहिजे. आज घर पाहावे शोधून! बांधायची गोष्ट राहिली दूर, नुसते शोधता शोधताच कष्टकऱ्याच्या चपला झिजतात आणि फंडाचे पैसे आटतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. त्यानंतर काय झाले ते तुम्हांला सांगायला नको. भोंगे थांबले. कोणी कोकणात गेला, कोणी साताऱ्याला, कोणी नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या गावी परतला. पोरे मोठी झाली आणि सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत लागली. मालेगावच्या मागावर आयुष्य घालवलेला माणूसही आज म्हणतो, पोराबाळांसाठी नाशकात दोन खोल्या बघू. नाशिक तशी सोयीची जागा. गोदावरीचे पाणी आहे, कारखाने आहेत, पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठता येते. तेव्हा नाशकात घर हवे, यात चूक काही नाही.

चूक आहे ती शोधण्याच्या रीतीत.

मला सांगा, गिरणीत पगारवाढ मागायला तुम्ही कधी एकटे गेलात काय? बोनस मागायला एकटे गेलात काय? नाही! खात्यातला प्रत्येक जण बरोबर असल्याशिवाय तुम्ही मॅनेजरच्या दारात पाय ठेवला नाही, कारण एकट्याला मालक चिरडतो हे तुम्ही पुरते जाणून होता. मग सगळ्या आयुष्याची कमाई एका फटक्यात ओतायचा सौदा करायला मात्र तुम्ही एकटेच का जाता? बिल्डरच्या गार खोलीत, काचेच्या टेबलासमोर, हातात पिशवी घेऊन बसलेला म्हातारा आणि त्याचा अवघडलेला मुलगा! समोरचा गोड बोलतो, "काका, आजच टोकन देऊन टाका, उद्या भाव वाढणार." आणि काका टोकन देऊन मोकळे होतात. ज्याने गेटवर लाठ्या खाल्ल्या तो इथे एका चहाच्या कपात हरतो!

म्हणून आमचे म्हणणे एकच आहे. घर हा सुद्धा पगारासारखाच संघटनेचा प्रश्न आहे. घर एकट्याने शोधू नका, मिळून शोधा, आणि कायद्याने तुमच्यासाठी राखून ठेवलेला वाटा आधी मागा.

एका शब्दाने घात कसा होतो

मुंबईत काय घडले ते आठवा. ५८ गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याचा सारांश असा, की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळ मानाने तीन वाटे करा. एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. कागदावर तर न्याय झाला.

मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे पाडायचे ते सगळ्या जमिनीचे नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीचे! आता तुम्ही गिरण्या पाहिलेल्या आहेत. मोकळी जमीन असते किती? खाती, गोदामे, बॉयलर, चिमण्या यांनीच आवार भरलेले. ज्या जमिनीवर शेड उभी ती वाट्यातून गेली. 'मोकळी' हा एक शब्द घातला आणि शहराचा व कामगारांचा वाटा आक्रसून गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराला चाप लावला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम कायम केला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि २०१२, २०१६ व २०२० च्या सोडतींतली घरे सगळी मिळून वीस हजारांच्याही आत. उरलेल्यांना शेलू-वांगणीकडे बोट दाखवले गेले, आणि जुलै २०२५ मध्ये पिकल्या केसांच्या माणसांना पुन्हा आझाद मैदानात बसावे लागले.

यातून धडा काय? नियम झाला म्हणजे घर मिळाले असे नव्हे. नियमावर डोळा ठेवणारा कोणी नसेल तर एक शब्द येतो आणि घर घेऊन जातो. हे मुंबईचे रडगाणे म्हणून सोडून देऊ नका. नाशकातही तुमच्यासाठी असाच एक नियम आहे.

नाशकातला वीस टक्क्यांचा वाटा

हा नियम किती जणांना ठाऊक आहे? नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्य सरकारने ठरवले, की दहा लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या महापालिकेत चार हजार चौरस मीटर वा अधिक जागेवर कोणी मोठी गृहयोजना आणली, तर त्यातला वीस टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवलाच पाहिजे. चार हजार चौरस मीटर म्हणजे एक एकराला जरासे कमी. घर असेल तर ते तीस ते पन्नास चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या भाषेत सव्वातीनशे ते साडेपाचशे फुटांचे. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीतही ही तरतूद कायम राहिली. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची वस्ती भरली १४ लाख ८६ हजार. तेव्हा नाशिक या नियमात बसते, यात शंका नाही.

ही घरे द्यायची म्हाडाने सांगितलेल्या माणसांना, आणि दर धरायचा तो बांधकामखर्चावरून, बाजारात बोली लागेल तो नव्हे. म्हणजे पाथर्डी फाट्याला असो, आडगावला असो की गंगापूर रोडला असो, जिथे जिथे मोठा गृहप्रकल्प उभा राहतो तिथे तिथे पाच घरांतले एक घर आपल्यासारख्यांचे आहे. हे दान नव्हे, मेहेरबानी नव्हे. शहर मोठे होते ते कष्टकऱ्यांच्या हातांनी, म्हणून शहराच्या जमिनीत त्यांचा ठेवलेला हा वाटा आहे.

मग ती घरे कुठे गेली? हाच सवाल २०२२ साली खुद्द तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी केला. नाशकात हा वाटा म्हाडाकडे पोचलाच नाही, असा त्यांचा जाहीर आरोप होता. मार्च २०२२ मध्ये विधान परिषदेत प्रश्न गाजला आणि महापालिका आयुक्तांच्या बदलीचे आदेश सुटले. जमिनीचे चार हजार मीटरच्या आत बसतील असे तुकडे पाडून वाटा चुकवल्याचे आरोपही झाले. मुंबईत 'मोकळी' हा शब्द आला, नाशकात तुकडे आले. हत्यार निराळे, कापले जाते ते गरिबाचेच घर!

या वादानंतर म्हाडाच्या नाशिक मंडळाने या वाट्यातल्या घरांच्या सोडती काढल्या आहेत. पण सोडतीला अर्ज करण्याआधी एक प्रश्न मिळून विचारायला हवा. शहरात चार हजार मीटरवरचे किती प्रकल्प मंजूर झाले, आणि त्यांतल्या किती घरांचा ताबा म्हाडाला मिळाला? हा हिशेब कोणीही मागू शकतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांची फी आणि तीस दिवसांची मुदत. एकट्याने मागितला तर कागद फायलीत पडेल. शंभर जणांनी मागितला तर फाइल हलेल.

कागद वाचा, आणि मराठीत वाचा

वाट्याचे घर मिळेपर्यंत पुष्कळांना बाजारातच जावे लागणार, हे आम्ही जाणतो. तिथे जाताना कायदा खिशात घेऊन जा. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ रोजी पुरता लागू झाला. महाराष्ट्रात त्याचे काम महारेरा पाहते. त्यातली चार कलमे पाठ करा.

पहिले, करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी पाच लाख भरा, करार मागाहून बघू" म्हणणारा तुम्हांला फसवतो आहे. दुसरे, ग्राहकाकडून घेतलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, ते दुसऱ्या जमिनीत फिरवता येत नाहीत. तिसरे, मुदतीत ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क तुमचा आहे. चौथे, ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो स्वखर्चाने दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठापर्यंत घरे असलेली छोटी इमारत असेल तर तिला नोंदणीची सक्ती नाही. तिथे डोळ्यांत तेल घाला.

आता फुटांची गंमत पाहा. समजा दलाल म्हणाला, सहाशे फूट, चार हजाराचा भाव, चोवीस लाख. तुम्ही टेप लावलीत आणि भिंतीच्या आत चारशेच फूट भरले. म्हणजे भाव चार हजार नव्हे, सहा हजार झाला! कापडाचा माप चोरणारा व्यापारी तुम्ही ओळखता, मग फुटांचा चोर कसा ओळखत नाही? कायद्याने किंमत चटईक्षेत्रावर सांगितली पाहिजे. 'सुपर बिल्टअप' वगैरे शब्द ऐकलात की टेप काढा.

कर्जाचेही तसेच. पंधरा लाख नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेत तर हप्ता सुमारे साडेतेरा हजार, आणि शेवटी फेड होते बत्तीस लाखांवर. साठीच्या माणसाला बँक वीस वर्षे देत नाही, म्हणून कर्ज मुलाच्या नावावर जाते. मुलगा कंत्राटी असेल तर? कंत्राट सुटले की हप्ता थांबला, हप्ता थांबला की बँकेची नोटीस दारावर. हा हिशेब घरातल्या बाईसमोर मांडल्याशिवाय सही करू नका. आणि घर तिच्याच नावावर घेता येते का तेही बघा. एप्रिल २०२१ पासून राज्यात घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे.

गुंठ्याच्या प्लॉटच्या जाहिराती तर नाक्यानाक्यावर लागलेल्या दिसतात. शंभराच्या स्टँपवर नोटरी केली म्हणजे जमीन आपली होत नाही. नोंदणी लागते, सातबाऱ्यावर नाव लागते. जुन्या सिडकोतले, पवननगर किंवा उत्तमनगरकडचे घर घेणार असाल तर मूळ घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले होते हे ध्यानात ठेवा, आणि आजवरचे प्रत्येक हस्तांतरण नोंदले आहे का ते तपासा. नदीकाठचे स्वस्त घर दिसले तर आधी पूररेषेचा नकाशा मागा. सप्टेंबर २००८ च्या महापुरात गोदावरीने शहराला आपली हद्द दाखवली. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. नासर्डी आणि वालदेवीही पावसाळ्यात कोणाचे ऐकत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे. करारनामा मराठीत मागा! राजभाषेचा कायदा १९६४ साली झाला. सातबारा मराठीत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मराठी दस्त नोंदला जातो, मग ऐंशी पानांचा करारच इंग्रजीत का? ज्या कागदावर माणूस जन्माची पुंजी ठेवतो तो कागद त्याला वाचता येऊ नये, हा कुठला न्याय? मराठी राज्यासाठी १०६ जणांनी प्राण दिले, त्यांत कामगार होते. ते राज्य नुसत्या पाट्यांपुरते नव्हते. कष्टकऱ्याला आपल्या हक्काचा कागद आपल्या भाषेत वाचता यावा, हाही त्याचा अर्थ होता. एकट्याने मराठी करार मागितला तर "स्टँडर्ड फॉर्मॅट आहे, काका" म्हणून हसतील. वीस गिऱ्हाइके मिळून म्हणाली, की मराठी मसुदा द्या, नाहीतर आम्ही चाललो, तर दुसऱ्या दिवशी मसुदा तयार!

सोलापूरच्या कामगारांनी काय केले

कोणी म्हणेल, हे बोलायला सोपे आहे. संघटनेने कधी घरे झाली आहेत काय?

झाली आहेत. सोलापूरला जाऊन पाहा. कापडाचेच शहर, आपल्यासारखेच लोक. तिथल्या विडी कामगार बायकांनी, ज्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने सहकारी संस्था केली आणि कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरे उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. तिथेच हा लढा थांबला नाही. विडी, यंत्रमाग, हातमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी 'रे नगर' ही तीस हजार घरांची योजना निघाली, आणि तिच्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण कामगारांची संस्था जागेवर राहिली म्हणून घरे झाली. वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, फुकट काही मिळाले नाही. पण त्या बायांपैकी एकेकटी बिल्डरच्या दारात गेली असती तर तिला घर सोडा, बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नसती!

आता दुसरी बाजूही सांगतो. संस्थेच्या नावाखाली कामगारांना लुबाडणारे कमी नाहीत. अर्जाचे पैसे, यादीत नाव घालायचे पैसे, 'साहेबांना' द्यायचे पैसे अशा पावत्या फाडणारे पुढारी आपल्यातच निपजतात. म्हणून संस्था करायची ती उघड्या हिशेबाची. खाते बँकेत, सह्या तिघांच्या, हिशेब दर महिन्याला भिंतीवर. पावतीशिवाय पै द्यायची नाही, आणि सोडतीत नंबर लावून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे.

बिल्डर मंडळी म्हणतात, वीस टक्के घरे स्वस्त दिली तर बाकीच्यांची घरे महागतात. ठीक आहे, हिशेब मांडा ना समोर! जमिनीचा भाव किती, बांधकामाचा खर्च किती, नफा किती. तो हिशेब कधी समोर येत नाही. रडगाणे तेवढे येते.

आता करायचे काय?

वाट पाहत बसू नका. ज्या गल्लीत, ज्या चाळीत, ज्या वाडीत तुम्ही राहता तिथली घर शोधणारी दहा-वीस कुटुंबे या महिन्यात एकत्र करा. त्यांत बायका असल्याच पाहिजेत, कारण घरात दिवस त्या काढतात. एकाने महारेराच्या नोंदी बघाव्यात, एकाने सातबारा आणि पूररेषा, एकाने म्हाडाच्या सोडतीच्या तारखा. शिकलेल्या पोरापोरींना कामाला लावा, त्यांच्या हातात मोबाइल आहे तो नुसता सिनेमा पाहायला नाही. महापालिका आणि म्हाडा या दोन्हींकडे वीस टक्क्यांचा हिशेब लेखी मागा. बाजारात घर बघायला जाल तर दहा जण मिळून जा, भाव मिळून करा, मसुदा मिळून वाचा. घर झाल्यावर गृहनिर्माण संस्था नोंदवा आणि जमिनीचे अभिहस्तांतरण करून घ्या. नाहीतर घर तुमचे, पण खालची जमीन बिल्डरच्या नावावर, अशी गत होते. ते करून देणे १९६३ च्या कायद्यापासून त्याच्यावर बंधनकारक आहे. तो टाळत असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.

बंधूंनो, भगिनींनो, आपण लाखो वार कापड विणले आणि दहा बाय बाराच्या खोलीत आयुष्य काढले. पोरांनीही तसेच काढावे काय? नाशिक वाढते आहे. रोज नवी जमीन मोजली जाते आहे, रोज नवा नकाशा मंजूर होतो आहे. ज्या दिवशी नकाशा मंजूर होतो त्याच दिवशी आपला वाटा ठरतो किंवा बुडतो. इमारत उभी राहिल्यावर बोंब मारून उपयोग नाही.

गाव करी ते राव न करी. टोकनची पावती फाडण्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवा!